दाखला की दाखिला?

गेल्या वर्षीच्या जून महिन्यातील गोष्ट. आमच्या शेजारच्या खाला सकाळीच मोबाइल हातात घेऊन घरी आल्या. त्यांचा धाकटा मुलगा आठवीत शिकतो. त्याच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. अर्ज कसा भरावा, सोबत कोणते कागद जोडावेत, ही सारी माहिती एका सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर उर्दूत दिलेली होती. खालांना उर्दू चांगली वाचता येते. मराठी त्या बोलतात, पण मराठी वाचायला त्यांना वेळ लागतो. म्हणून उर्दू पान पाहून त्यांना फार बरे वाटले होते.

"सर, हे पाहा," त्या म्हणाल्या, "इथं लिहिलंय, आमदनीचा दाखिला जोडा. मुलाचा दाखिला तर शाळेत केव्हाच झाला. आता हा आमदनीचा दाखिला कुठे घ्यायचा?"

मी त्याच संकेतस्थळाचे मराठी पान उघडले. तेथे 'उत्पन्नाचा दाखला' असे शब्द होते. उत्पन्नाचा दाखला म्हणजे घरातील माणसे वर्षाला किती कमावतात, याचे तहसीलदारांनी दिलेले प्रमाणपत्र. भाषांतर करणाऱ्याने 'दाखला' या शब्दाचा 'दाखिला' केला आणि तो मोकळा झाला. उर्दूत दाखिला म्हणजे प्रवेश, हे तुम्हांला सांगायला नकोच. खाला आठ दिवस कोड्यात पडल्या होत्या. मुदत संपायला तीन दिवस उरले होते, आणि तहसील कार्यालयातून दाखला तर तीन दिवसांत मिळत नाही.

तसे पाहिले तर त्या कार्यालयाने चांगलेच काम करायला घेतले होते. उर्दू वाचणाऱ्यांना उर्दूत माहिती द्यावी, असे त्यांना वाटले. मग घोटाळा कोठे झाला? एकच माहिती अनेक भाषांत देणे हे काम दिसते तितके सोपे नाही. ते कसे चालते, ते आपण पाहू.

तुमच्या खिशात दहा रुपयांची नोट असेल तर ती काढा. पुढच्या बाजूला हिंदी व इंग्रजी आहे. नोट उलटी करा. तेथे एक लहानसा चौकोन दिसेल. त्यात 'दहा रुपये' हेच शब्द पंधरा भाषांत छापलेले आहेत. त्यांत मराठी आहे आणि उर्दूही आहे. सरकारने लोकांशी अनेक भाषांत बोलावे, ही गोष्ट आपल्या देशात नवी नाही. १९५० साली राज्यघटना अमलात आली तेव्हा तिच्या आठव्या अनुसूचीत चौदा भाषा होत्या. पुढे सिंधी, कोकणी, मणिपुरी, नेपाळी अशा भाषांची भर पडली, आणि २००३ सालच्या दुरुस्तीनंतर ही संख्या बावीस झाली. मराठी व उर्दू या दोन्ही पहिल्या चौदांपैकी आहेत.

महाराष्ट्राची राजभाषा मराठी आहे. तसा कायदा १९६४ साली झाला. राज्याचा कारभार मराठीत चालतो आणि तो तसाच चालावा. म्हणून तर तुम्ही हे पुस्तक वाचत आहात. पण २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे ७५ लाख लोकांनी आपली मातृभाषा उर्दू असल्याचे सांगितले होते. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमात असे म्हटले आहे, की आपले गाऱ्हाणे सरकारी अधिकाऱ्यापुढे मांडताना नागरिकाला राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अर्ज करता येतो. हे कलम तेवढे ध्यानात ठेवा. त्याची गरज आपल्याला पुढे पडणार आहे.

अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवर मराठी नावाबरोबर उर्दूतही नाव लिहिलेले होते. त्यावर आक्षेप घेतला गेला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. स्थानिक संस्थांचा कारभार मराठीत असावा, असा कायदा २०२२ साली झालेला आहे. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की या कायद्याप्रमाणे मराठी हवीच, परंतु तिच्या जोडीला दुसरी भाषा वापरण्यास त्यात बंदी नाही. फलक तसाच राहिला.

फलकावर दोन ओळी रंगवायच्या असतील तर एक रंगारी पुरतो. संकेतस्थळाचे मात्र तसे नाही. तेथे पहिली अडचण येते ती अक्षराचीच.

संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला फक्त आकडे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो. सुरुवातीला हे क्रमांक इंग्रजी अक्षरांपुरतेच ठरलेले होते. आपल्याकडे संगणक आला तेव्हा लोकांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षराचा क्रमांक तसाच ठेवायचा आणि त्या जागी चित्र मात्र मराठी अक्षराचे बसवायचे. कळ दाबायची इंग्रजी, उमटणार 'क'. पण कोणत्या जागी कोणते अक्षर, हे प्रत्येक टंक बनवणाऱ्याने आपापल्या मनाने ठरवले. एका कार्यालयातील मजकूर दुसऱ्या कार्यालयातील संगणकावर उघडला, की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गुंता दिसे. मी स्वतः असे कागद पाहिले आहेत. जणू कोणी डोळे मिटून कळा बडवल्या असाव्यात!

यावर उपाय म्हणून भारत सरकारने १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी एक प्रमाण ठरवले. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांसाठी 'युनिकोड' या पद्धतीची पहिली आवृत्ती निघाली. युनिकोडने प्रत्येक अक्षराला त्याचा स्वतःचा, कोणाशीही न जुळणारा क्रमांक दिला. 'क' चा क्रमांक २३२५. उर्दूतील अलिफचा क्रमांक १५७५. आज या पद्धतीत दीड लाखाहून अधिक अक्षरे व चिन्हे आहेत. त्यामुळे एकाच पानावर मराठी, उर्दू, तमिळ आणि चिनी मजकूर शेजारी शेजारी नांदू शकतो.

येथे एक गंमत आहे. उर्दूतील 'बे' हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एक रूप घेते, मध्ये दुसरे, शेवटी तिसरे, आणि एकटे असले की चौथे. चार रूपांना चार क्रमांक द्यावेत का? नाही. क्रमांक एकच, १५७६. कोणत्या जागी कोणते रूप काढायचे, ते टंकाने ठरवायचे. मराठीत 'कि' लिहिताना वेलांटी आपण आधी काढतो, पण संगणक आधी 'क' साठवतो आणि मग वेलांटी. म्हणजे साठवण्याचा क्रम उच्चाराचा आणि दाखवण्याचा क्रम लिपीचा.

आता उर्दू पान समोर घ्या. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. म्हणून पानाच्या आत, आपल्याला न दिसणाऱ्या भागात, संगणकाला दोन सूचना द्याव्या लागतात. एक, हा मजकूर उर्दू भाषेतला आहे. दोन, त्याची दिशा उजवीकडून डावीकडे आहे. या सूचना दिल्या नाहीत तर पूर्णविराम वाक्याच्या भलत्याच टोकाला जाऊन बसतो. नुसता मजकूर वळवूनही भागत नाही. मराठी पानावर विषयांची यादी डावीकडे असेल, तर उर्दू पानावर ती उजवीकडे हवी. 'पुढे जा' असा बाण असेल, तर त्याचे तोंडही फिरवले पाहिजे.

शिवाय अंकांची तऱ्हा आणखी वेगळी. उर्दूत अक्षरे उजवीकडून चालतात, पण संख्या डावीकडूनच लिहिली जाते. तुम्ही गणिताच्या वहीत हे रोज करता, म्हणून त्याचे तुम्हांला काही वाटत नाही. संगणकाला मात्र त्यासाठी नियमांची मोठी यादी पाठ करावी लागली. तरी तो कधी कधी चुकतो. उर्दू शब्दांच्या पुढे घर क्रमांक ७-१२ असा मधे आडवी रेघ देऊन लिहिला आणि काळजी घेतली नाही, तर पडद्यावर तो १२-७ असा उलटा दिसू शकतो. दूरध्वनीच्या क्रमांकात गावाचा क्रमांक आणि पुढचा क्रमांक यांच्यामध्ये रेघ असली, तर तोही असाच उलटतो. मराठी पाहून लावलेला फोन लागतो आणि उर्दू पाहून लावलेला लागत नाही. बिचाऱ्या फोन करणाऱ्याला वाटते, की साहेब फोनच घेत नाहीत.

तुमची उर्दूची पुस्तके नस्तालिक वळणात छापलेली असतात. हे वळण देखणे खरे, पण त्याची अक्षरे तिरपी उतरत खाली येतात. ती छापखान्याच्या खिळ्यांत बसवणे फार अवघड होते. म्हणून उर्दू वर्तमानपत्रे कितीतरी वर्षे कातिब हाताने लिहीत आणि मग ती छापली जात. चेन्नईचे 'द मुसलमान' हे १९२७ साली सुरू झालेले दैनिक तर एकविसाव्या शतकातही कातिबांच्या हातचे निघत होते. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांनी तयार केलेले 'नूरी नस्तालिक' छपाईत आले. त्यांनी एकेक अक्षर न घेता अक्षरांचे हजारो जोड हाताने लिहून यंत्राला दिले होते. आज नस्तालिकचे चांगले टंक विनामूल्य मिळतात. तरीही पुष्कळ संकेतस्थळांवर उर्दू मजकूर नस्ख वळणात दिसतो. तो वाचता येतो, पण डोळ्यांना सवय नसते. आणि कोणी नस्तालिक वापरले, पण दोन ओळींमधले अंतर मराठीसाठी ठरवले तेवढेच ठेवले, तर वरच्या ओळीचे शेपूट खालच्या ओळीच्या डोक्यावर येते.

मराठीच्याही काही खास गरजा आहेत. हिंदीसाठी केलेला टंक मराठीला सरळ लावला, की मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' दिसत नाहीत. 'दऱ्या' मधला अर्धा र नीट उमटत नाही. 'ॲ' या अक्षराला तर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र जागा मिळाली. २००९ साली महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमाला व अक्षरांची वळणे निश्चित केली, त्यामागे असल्याच अडचणी होत्या.

समजा, अक्षर नीट दिसू लागले. आता शोधायचे कसे? एका गावाच्या यादीत कोणी आपले नाव शोधतो. नाव डोळ्यांना दिसते आहे, पण संगणक म्हणतो, सापडले नाही! असे का व्हावे? अरबीची 'ये' आणि उर्दूची 'ये' शब्दाच्या मध्ये अगदी सारख्या दिसतात. पण अरबीच्या 'ये' चा क्रमांक १६१० आहे आणि उर्दूच्या 'ये' चा १७४०. 'काफ' चेही तसेच, अरबीचा १६०३ आणि उर्दूचा १७०५. यादी करणाऱ्याने अरबी कळफलक वापरला असेल आणि शोधणाऱ्याने उर्दू, तर माणसाला एकच दिसणारा शब्द संगणकाला दोन वाटतो. शहाणे संकेतस्थळ अशा जुळ्या अक्षरांना शोधताना एकच मानते. ती सोय मुद्दाम करावी लागते.

नावांच्या बाबतीत तर मी यंत्रावर मुळीच विसंबणार नाही. उर्दूत जेर, जबर, पेश सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे 'इस' आणि 'उस' एकसारखेच लिहिले जातात. वाचणारा संदर्भाने ओळखतो. पण नावाला संदर्भ कोठून आणणार? उलट मराठीत 'स' एकच, तर उर्दूत त्याच्यासाठी सीन, स्वाद आणि से अशी तीन अक्षरे. मराठीतील 'साबिर' उर्दूत उतरवताना यंत्राने सीन लिहिला, की नाव बिघडले. एकाच मुलीचे नाव शाळेत 'फातेमा', रेशनकार्डावर 'फातिमा' आणि तिसऱ्या कागदावर 'फातमा' असले, की पुढे किती खेटे घालावे लागतात, हे तुमच्या घरातील मोठ्या माणसांना विचारा. म्हणून अर्जात दोन्ही लिप्यांसाठी वेगळ्या जागा असाव्यात आणि ज्याचे नाव त्यालाच ते लिहू द्यावे.

आता शब्दांकडे वळू. खालांची अडचण अक्षराची नव्हतीच, शब्दाची होती.

मराठी आणि उर्दू यांचे नाते जुने आहे. अर्ज, तारीख, मुदत, रक्कम, कायदा, सरकार, शिफारस, नक्कल, हजर असे कितीतरी शब्द दोन्ही भाषांत आहेत. दक्षिणेतील सुलतानांच्या काळी कारभाराची भाषा फारसी होती, तेव्हापासून हे शब्द मराठीत रुजले. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' तयार करवून घेतला आणि दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देवविले. तरीही तहसीलदार, वसूल, जमीन हे शब्द टिकून राहिले. त्यामुळे मराठी सरकारी कागद उर्दू वाचणाऱ्याला अर्धा आधीच ओळखीचा वाटतो.

पण खरा धोका याच ओळखीत आहे. काही शब्द मराठीत आले आणि येथे राहता राहता त्यांचा अर्थ बदलला. मराठीत 'खुलासा' म्हणजे स्पष्टीकरण, उर्दूत सारांश. अधिकाऱ्याने खुलासा मागितला आणि उत्तर देणाऱ्याने चार ओळींचा सारांश पाठवला, तर काय होईल? मराठीत 'राजीनामा' दिला म्हणजे नोकरी सोडली. उर्दूत राजीनामा म्हणजे दोन्ही बाजूंनी केलेली तडजोड; नोकरी सोडणाऱ्याला इस्तिफा द्यावा लागतो. मराठीत 'तक्रार' लेखी करता येते आणि तिची पोचही मिळते. उर्दूत तकरार म्हणजे वादावादी. 'हरकत' मराठीत आक्षेप, तर उर्दूत हालचाल किंवा कृती. मालमत्तेच्या करावर 'हरकती तीस दिवसांत पाठवाव्यात' अशी सूचना असेल आणि तिचे शब्दाला शब्द ठेवून उर्दू केले असेल, तर वाचणाऱ्याला काही बोध होणार नाही. तीस दिवस निघून जातील आणि कर मात्र भरावा लागेल.

मग 'दाखला' साठी उर्दूत काय लिहावे? कोशात 'सदाकतनामा' सापडेल. शब्द शुद्ध आहे, भारदस्तही आहे. पण आमच्या मोहल्ल्यात सगळे 'इनकम सर्टिफिकेट' म्हणतात. माझ्या मते दोन्ही लिहावेत, आणि मराठी कागदावर जो शब्द छापलेला असतो तो 'उत्पन्नाचा दाखला' हा शब्दही उर्दू लिपीत तेथेच द्यावा. कारण तहसील कार्यालयाच्या खिडकीवर शेवटी तोच शब्द उच्चारावा लागतो.

हल्ली भाषांतर यंत्रेही करतात. भारत सरकारने २०२२ साली 'भाषिणी' हा उपक्रम सुरू केला. आठव्या अनुसूचीतील भाषांत यंत्राने भाषांतर व्हावे, असा त्याचा हेतू आहे. यंत्र क्षणात शेकडो पाने उलथवते, ही मोठीच सोय आहे. परंतु 'दाखला' चा 'दाखिला' माणूस करतो तसा यंत्रही करील. म्हणून यंत्राने केलेला मजकूर दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसाने वाचल्याशिवाय लोकांपुढे ठेवू नये. विशेषतः पैसा, औषध, मुदत आणि कायदा यांच्या बाबतीत.

अजून दोन-तीन बारीकसारीक गोष्टी राहिल्या. पुष्कळ कार्यालये कागदाचा फोटो काढून तोच संकेतस्थळावर ठेवतात. फोटोत अक्षरे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती अक्षरे नसतातच. त्यात काही शोधता येत नाही. अंध व्यक्तीचा संगणक मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो, तो अशा पानावर गप्प बसतो. पानाची भाषा कोणती हे सांगितले नसेल, तर तो उर्दू मजकूर इंग्रजी थाटात वाचू पाहतो आणि ऐकणाऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही. भारत सरकारने २००९ साली सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१८ व २०२३ साली त्या सुधारल्या. त्यांत अपंग व्यक्तींच्या सोयीवर बराच भर आहे.

भाषा निवडायची जागा पानाच्या वरच्या बाजूला असावी आणि प्रत्येक भाषेचे नाव तिच्याच लिपीत लिहावे. उर्दू वाचणाऱ्याला रोमन लिपीतील 'उर्दू' शोधायला लावणे म्हणजे कुलपाची किल्ली कुलपातच ठेवण्यासारखे आहे. आधारचे काम पाहणाऱ्या प्राधिकरणाचे संकेतस्थळ इंग्रजी धरून तेरा भाषांत आहे. त्यांत मराठी व उर्दू या दोन्ही आहेत. सवड मिळाली तर ते उघडून दोन्ही पाने शेजारी शेजारी ठेवून वाचा. तुमच्या मराठीच्या अभ्यासालाही त्याचा उपयोग होईल.

सर्वांत कठीण काम मात्र पान तयार झाल्यानंतर सुरू होते. मराठी पानावर मुदत वाढवल्याची सूचना आज लागते. उर्दू पानावर ती पंधरा दिवसांनी लागली, तर ते पान नसते तर बरे, असे म्हणायची पाळी येते. न मिळालेली माहिती माणूस दुसरीकडे विचारतो. जुनी माहिती मात्र तो खरी मानून घरी बसतो.

खालांच्या मुलाचा दाखला पाच दिवस उशिरा मिळाला. त्या वर्षाची शिष्यवृत्ती हुकली. खाला रडल्या नाहीत, रागावल्या. त्यांनी स्वच्छ उर्दूत एक अर्ज लिहिला. पानावर कोणता शब्द चुकला आहे आणि त्याऐवजी काय लिहावे, ते त्यात नीट सांगितले. तो घेऊन त्या कार्यालयात गेल्या. मीही सोबत होतो.

खिडकीवरचे भाऊसाहेब म्हणाले, "बाई, हा अर्ज मराठीत आणा."

मी ३५० व्या कलमाची आठवण दिली. ते आत जाऊन साहेबांना विचारून आले आणि त्यांनी अर्जावर शिक्का मारून पोच दिली.

महिन्याभराने आम्ही ते पान पुन्हा उघडले. 'दाखिला' जाऊन तेथे 'सदाकतनामा' आला होता आणि त्याच्या पुढे 'इनकम सर्टिफिकेट' असेही लिहिले होते. मी ते पान आमच्या नववीच्या वर्गात दाखवले. मुलांनी ते शेवटपर्यंत वाचले आणि खालच्या बाजूला 'हरकत' हा शब्द तसाच राहिलेला शोधून काढला. आता दुसरा अर्ज ती मुले लिहीत आहेत. तो कोणत्या भाषेत लिहावा, यावर वर्गात बरीच तकरार झाली. शेवटी तो दोन्ही भाषांत लिहायचे ठरले.